एक्झॉस्टचं तोंड कुठं काढायचं? फॉर्म्युला गाडीचा मागचा भाग आखताना

२०१० च्या फॉर्म्युला वन (एफ-वन) हंगामाआधीच्या सरावात रेड बुलच्या आरबी६ गाडीवर एक गंमत होती. एक्झॉस्टची तोंडं पूर्वी जिथं असायची तिथं, म्हणजे साइडपॉडच्या (गाडीच्या बाजूच्या फुगीर आवरणाच्या) वरच्या अंगाला, तोंडासारखी दिसणारी स्टिकरं चिकटवली होती. खरी तोंडं खाली होती, मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला, डिफ्यूझरच्या जवळ. फोटो काढणाऱ्यांची नजर चुकावी एवढ्यासाठी हा खटाटोप. तो फार दिवस टिकला नाही. हंगाम अर्ध्यावर येईतो इतर टीम आपापल्या गाड्यांचे पाइप खाली उतरवू लागल्या होत्या.

सायलेन्सरचं भोक लपवण्याएवढं मोलाचं कसं झालं, हे समजलं तर आपल्या गाडीत काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, दोन्ही कळतं. हा लेख फॉर्म्युला भारत किंवा सुप्रासारख्या स्पर्धांसाठी पेट्रोल इंजिनाची गाडी बांधणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे. अशा बहुतेक टीममध्ये एक्झॉस्ट शेवटी येतो. चॅसी झाली, बॉडीचे साचे निघाले, मग कोणीतरी बेंड पाइप घेऊन वेल्डरकडे जातं आणि परत आल्यावर बॉडी कापली जाते. माझं म्हणणं उलट आहे. पाइप आधी आखा, बॉडीवर्कची रेघ त्यानंतर ओढा. आणि त्या झोतातून काही फायदा मिळतोय असं वाटलं, तर आधी थ्रॉटलवरून पाय उचलल्यावर काय होतं ते तपासा.

झोत नेमका काय करतो

डिफ्यूझर म्हणजे तळाच्या मागच्या टोकाला वर उचललेला भाग. तळाखालून धावणारी हवा इथं पसरते, त्यामुळे तिच्या आधीच्या भागात दाब उतरतो आणि गाडी जमिनीकडे ओढली जाते. याला त्रास देतं मागचं चाक. फिरणारा टायर जमिनीला टेकतो तिथं पुढची हवा चिरडली जाऊन बाजूला उडते. त्यातली आतल्या बाजूला उडालेली गढूळ हवा डिफ्यूझरच्या कडेतून आत शिरते आणि तिथला प्रवाह बिघडवते.

एक्झॉस्टचा वेगवान झोत बरोबर या फटीत, टायर आणि डिफ्यूझरच्या मध्ये सोडला, तर तो त्या हवेला बाहेर ढकलतो. डिफ्यूझरची कड जणू बंद होते. रेड बुलला याचा दुहेरी फायदा झाला. कड बंद असल्यामुळे गाडीचा मागचा भाग जास्त उंच ठेवता आला, आणि त्यामुळे तळाचं काम आणखी वाढलं.

कल्पना नवी नव्हती. १९८३ मध्ये सपाट तळ सक्तीचा झाला आणि त्याच वर्षी रेनोच्या आरई४० गाडीनं टर्बोचा एक्झॉस्ट डिफ्यूझरकडे वळवला. पुढं अनेक टीमनी हे केलं आणि सगळ्यांना एकच दुखणं जडलं: डाउनफोर्स, म्हणजे हवेनं गाडी जमिनीवर दाबण्याचा जोर, ड्रायव्हरच्या उजव्या पायाला बांधला गेला. वळणात शिरताना पाय उचलायचा आणि नेमकी तेव्हाच मागची पकड कमी व्हायची. म्हणून १९९८ मध्ये फेरारीनं एफ३०० वर एक्झॉस्टची तोंडं वर, आवरणातून बाहेर काढली. त्यात थोडा डाउनफोर्स गेला, पण गाडीचा स्वभाव एकसारखा झाला. पुढची दहाएक वर्षं सगळ्यांचे पाइप वरच राहिले.

२०१० मध्ये ते परत खाली आले कारण जुन्या दुखण्यावर इंजिनाच्या सॉफ्टवेअरमधून औषध सापडलं. ड्रायव्हरनं पाय उचलला तरी थ्रॉटल उघडाच ठेवायचा. इंधन तोडून नुसती हवा सोडली तर तो ‘थंड’ झोत, आणि इंधन चालू ठेवून ठिणगी उशिरा दिली, म्हणजे जाळ पाइपात सरकला, तर तो ‘गरम’ झोत. २०११ मध्ये सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीसाठी एफआयए या नियामक संस्थेनं यावर लगाम घातला, भांडणं झाली आणि तो लगाम लगेच सैलही केला. त्याच वर्षी रेनोनं आर३१ वर पाइप थेट साइडपॉडच्या पुढच्या टोकाला नेऊन तळाखाली झोत सोडायचा प्रयत्न केला. धाडस मोठं होतं, पण ती वाट दुसऱ्या कोणी धरली नाही. मॅक्लारेननं एमपी४-२६ साठी केलेली गुंतागुंतीची एक्झॉस्टची मांडणी तर पहिल्या शर्यतीआधीच मोडीत निघाली.

पायरी १: स्वतःच्या इंजिनाचा झोत मोजा

हे सगळं वाचून आपल्या डिफ्यूझरवरही झोत सोडावा असं वाटतं. थांबा आणि कागदावर हिशोब करा.

आपल्याकडच्या खूप टीम केटीएम ३९० चं इंजिन वापरतात. हे इंजिन पुण्याजवळ चाकणला बनतं, त्यामुळे सुटे भाग मिळणं सोपं. जुन्या पिढीचं धरू: ३७३ सीसी, एकच सिलिंडर. ९००० आरपीएमला सिलिंडर सेकंदाला ७५ वेळा भरतो. भरण्याची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर सेकंदाला साधारण २५ लिटर, म्हणजे ३० ग्रॅम हवा. इंधन मिळवून ३२ ग्रॅम. वायू ७०० अंश सेल्सिअसला बाहेर पडतोय असं धरलं, तर त्याची घनता घनमीटरला ०.३६ किलोच्या आसपास, म्हणजे सेकंदाला जवळपास ९० लिटर. आतून ४० मिमी व्यासाच्या पाइपातून हा वायू सेकंदाला सुमारे ७० मीटरनं सुटतो. वस्तुमानाला वेगानं गुणा: सव्वादोन न्यूटन. पाव किलोहून कमी वजनाएवढा जोर.

आता हाच हिशोब त्या काळच्या एफ-वनच्या २.४ लिटर व्ही-एट इंजिनाचा, १८,००० आरपीएमला. सेकंदाला साडेचारशे ग्रॅमहून जास्त वायू, ७५ मिमीचे दोन पाइप, वेग सेकंदाला १६० मीटरच्या घरात. जोर निघतो ७५ न्यूटनच्या आसपास. तीसपट फरक, आणि तोही त्यांच्या सॉफ्टवेअरच्या करामती बाजूला ठेवून.

याहून मोठा फरक ठोक्यांचा. त्या व्ही-एटचे सेकंदाला १२०० ठोके, म्हणजे झोत जवळपास अखंड. आपले ७५. गाडी ताशी ५४ किलोमीटरनं जात असेल तर दोन ठोक्यांच्या मध्ये ती २० सेंटिमीटर पुढं सरकलेली असते. अशा तुटक झोतानं डिफ्यूझरची कड ‘बंद’ होत नाही, ती फडफडते. त्यात आपल्या स्पर्धांचे ट्रॅक वळणावळणांचे, पूर्ण थ्रॉटल थोडाच वेळ मिळतो.

माझ्या मते विद्यार्थी गाडीत एक्झॉस्टमधून डाउनफोर्स मिळवायच्या मागं लागू नये. झोतानं आहे तो डाउनफोर्स बिघडू नये, उष्णतेनं काही जळू नये आणि पाइपानं हवेची वाट अडवू नये, एवढं साधलं तरी तुमची गाडी पुष्कळांच्या पुढं असेल. चार सिलिंडरचं ६०० सीसी इंजिन असलं तरी मत फारसं बदलत नाही, कारण २० मिमीच्या रिस्ट्रिक्टरमधून, म्हणजे इंजिनाची हवा मर्यादित करणाऱ्या अरुंद तोंडातून, सेकंदाला ७४ ग्रॅमच्या वर हवा जाऊच शकत नाही.

पायरी २: नियम आधी, चित्र नंतर

स्पर्धेची त्या वर्षीची नियमावली उघडा, कारण आकडे बदलू शकतात. फॉर्म्युला स्टुडंट पद्धतीच्या नियमांत सहसा हे असतं: एक्झॉस्टचं तोंड मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यरेषेपासून ४५ सेंमीपेक्षा मागं नको आणि जमिनीपासून ६० सेंमीपेक्षा वर नको. मेन हूपच्या (ड्रायव्हरच्या मागच्या सुरक्षा-कमानीच्या) पुढं बॉडीबाहेर आलेल्या भागाला कवच हवं. आणि बऱ्याच टीम जिथं अडकतात ते कलम: पाइपावर बाहेरून गुंडाळायची तंतूंची पट्टी, जिला गॅरेजमध्ये हेडर रॅप म्हणतात, ती चालत नाही. ती तेल शोषते आणि पेट घेऊ शकते.

तळाखालची हवा यांत्रिक शक्तीनं हलवण्यावरही बंदी असते. झोत डिफ्यूझरमध्ये सोडणं त्यात मोडतं का, यावर वाद घालत बसू नका. तसं करायचंच असेल तर आयोजकांना लेखी विचारा आणि उत्तर छापून फाइलला लावा.

पायरी ३: पाइप आखा

मोटरसायकलच्या इंजिनाचं एक्झॉस्ट पोर्ट पुढं तोंड करून असतं. तेच इंजिन तसंच ड्रायव्हरच्या मागं ठेवलं की पोर्ट थेट फायरवॉलकडे, म्हणजे ड्रायव्हरच्या पाठीकडे बघतं. तिथून पाइप वळवून बाजूला आणि मग मागं न्यायचा, ही सगळ्या आखणीतली अवघड जागा. इथं इंजिन दोन-तीन सेंटिमीटर मागं घेता आलं तर बेंड मोकळा होतो. म्हणून हा निर्णय चॅसीचे नोड (नळ्या जुळतात ते सांधे) पक्के होण्याआधी घ्यायचा. चेन इंजिनाच्या डाव्या अंगाला असते, तेव्हा पाइप उजवीकडून नेणं ओघानंच येतं. पेट्रोलची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या मग डावीकडे किंवा कवचाआड.

बॉडी सुबक दिसावी म्हणून पोर्टपासूनच्या पहिल्या पाइपाची लांबी कमी-जास्त करू नका. ती इंजिनवाल्यांनी टॉर्क बघून ठरवलेली असते. बॉडीनं पाइपाला जागा द्यावी.

तोंड काढायला तीन जागा असतात. बाजूनं, मागच्या चाकाच्या पुढं: पाइप आखूड आणि हलका, पण गरम झोत टायरवर आणि चाकापुढच्या हवेत. मागं खाली, डिफ्यूझरच्या पत्र्याला लागून: वर सांगितलेल्या सगळ्या कारणांसाठी नको. तिसरी, माझी पसंती: डिफरन्शियलच्या बाजूनं मागं नेऊन, डिफ्यूझरच्या वर आणि मागच्या विंगच्या पुरेसं खाली, तोंड जवळपास आडवं. उगाच वर वळवलं तर झोत विंगच्या खालच्या पृष्ठभागाकडे जातो, आणि विंगचं बहुतेक काम त्याच बाजूला चालतं.

पाइप लांबतो हे विसरू नका. स्टेनलेस ३०४ चा मीटरभर पाइप ५०० अंशांनी तापला की साडेआठ मिमी वाढतो. दोन्ही टोकं चॅसीला घट्ट बांधली तर वेल्ड तडकणार. मध्ये एकात एक सरकणारा जोड द्या, तो स्प्रिंगांनी धरा, आणि सायलेन्सर रबरी बुशवर टांगा. कॅडमध्ये पाइपाभोवती सगळीकडून २५ मिमीचं रिकामं वेष्टन काढून ठेवा. बॉडीवर्कवाल्यांना पाइप दाखवायचाच नाही, हे वेष्टन द्यायचं.

पायरी ४: बॉडीवर्क

ताशी ५०-६० किलोमीटरला साइडपॉडच्या नक्षीनं फारसं काही हलत नाही. बॉडीचं खरं काम दोन गोष्टींचं: रेडिएटरला हवा पुरवायची आणि डिफ्यूझर व मागच्या विंगकडे स्वच्छ हवा पोचवायची.

मागं निमुळत्या होत जाणाऱ्या, वरून बघितल्यावर कोकच्या बाटलीसारख्या दिसणाऱ्या आकाराची सुरुवात जॉन बर्नार्डच्या मॅक्लारेनपासून, १९८३ च्या सुमारास झाली. दोन्ही मागच्या चाकांच्या मधून डिफ्यूझरच्या वरच्या बाजूला जास्त हवा नेणं हा त्यामागचा हेतू. हा आकार चोरायला हरकत नाही, पण घाईनं निमुळता करू नका. पृष्ठभाग प्रवाहाच्या दिशेपासून दहा-बारा अंशांहून जास्त वळवला की हवा सुटायची शक्यता वाढते. पाइप आणि सायलेन्सरमुळे एका बाजूला जागाच नसेल तर ती बाजू सरळ ठेवा आणि मागं स्वच्छ कापा. ओढूनताणून दोन्ही बाजू सारख्या करण्यापेक्षा हे बरं.

रेडिएटरच्या पेटीचं पुढचं तोंड रेडिएटरपेक्षा लहान, आत हळूहळू रुंदावणारं, आणि कडेला फट अजिबात नको. हवा आळशी असते, वाट मिळाली की रेडिएटर सोडून बाजूनं निघून जाते. गरम हवा बाहेर पडायची जागा पाइपापासून दूर ठेवा, आणि ती हवा इंजिनाच्या हवा घेण्याच्या तोंडाकडे जात नाही ना ते बघा.

थोडं विषयांतर: कोआंडा

२०१२ साली एफ-वनच्या नियमांनी पाइपाचे शेवटचे १०० मिमी गोल, आतून ७५ मिमी आणि वरच्या दिशेला १० ते ३० अंश झुकलेले असावेत असं ठरवलं. झोत वर जावा आणि डिफ्यूझरचा खेळ संपावा हा उद्देश. मॅक्लारेन आणि साउबरनं यातूनही वाट काढली. पाइप नियमाप्रमाणे वर बघत संपायचा, पण तो साइडपॉडमधल्या एका खाचेत. खाचेपुढची बॉडी उतरत खाली जायची. साइडपॉडवरून घरंगळत येणारी हवा झोताला वरून दाबायची, झोत उतरत्या पृष्ठभागाला चिकटून राहायचा आणि थेट टायरजवळच्या त्या फटीत पोचायचा. वेगवान झोत जवळच्या बाहेर फुगलेल्या पृष्ठभागाला चिकटून वळतो, या गुणाला रोमानियाच्या हेन्री कोआंडाचं नाव आहे. हे दाखवायला नळाच्या धारेला चमच्याची पाठ लावतात. तो प्रयोग बघायला छान असला तरी त्यात पाण्याच्या पृष्ठताणाचा हात मोठा, आणि हवेच्या झोताला तो आधार नसतो.

रेड बुलनं आरबी८ वर याच उताराखालून एक बोगदा काढला, म्हणजे साइडपॉडच्या कडेनं येणारी हवा उतारापाशी न अडता मधल्या भागाकडे जाईल. झोत आणि बॉडी एकमेकांच्या वाटेत आले तर काय करायचं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. २०१४ ला टर्बो व्ही-सिक्स आले, एकच पाइप मध्यरेषेवर ठेवायची सक्ती झाली आणि हा अध्याय मिटला.

पायरी ५: सिम्युलेशन

हवेच्या प्रवाहाचं संगणकी गणित (सीएफडी) करणारं ओपनफोम फुकट आहे, वेळ मात्र खातं. गाडीच्या पूर्ण सीएफडीमध्ये पाइपाच्या तोंडावर वस्तुमान-प्रवाह आणि तापमान देऊन तीन धावा घ्या: पूर्ण थ्रॉटल, अर्धा, आणि बंद. तिन्हींत पुढच्या-मागच्या चाकांवरचा डाउनफोर्स वेगवेगळा काढा. एकूण आकडा सारखा राहून पुढचा-मागचा तोल सरकला, तरी ड्रायव्हरला ते लगेच जाणवतं. पूर्ण आणि बंद थ्रॉटलच्या निकालांत फरक जेवढा कमी तेवढी तोंडाची जागा चांगली.

स्थिर प्रवाहाचं गणित ठोके धरत नाही. झोत पृष्ठभागाला किती चिकटतो ते ते अनेकदा गरजेपेक्षा आशावादी सांगतं. रंगीत चित्रावर भाळू नका.

पायरी ६: उष्णता

खोलीच्या तापमानाला बसवलेलं साधं इपॉक्सी ६० ते ८० अंशांनंतर मऊ पडू लागतं. पोर्टजवळचा पाइप त्याच्या कितीतरी पट तापतो. त्यामुळे बॉडी आणि पाइपाच्या मध्ये पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी हवा, आणि बॉडीच्या आतून चकचकीत फॉइलची टेप. पत्रा बॉडीला चिकटवून टाकला तर निम्मा उपयोग गेला. गाडी थांबल्यावर सर्वांत जास्त धोका असतो, कारण वारा बंद होतो आणि साठलेली उष्णता वर चढते. ड्रायव्हर बदलताना दोन मिनिटं उभी राहिलेली गाडीच बॉडी वितळवते.

पायरी ७: ट्रॅकवर

बोटभर लांबीचे लोकरीचे धागे साइडपॉडच्या मागच्या भागावर, डिफ्यूझरवर आणि विंगच्या खाली टेपनं चिकटवा. शेजारून दुसरी गाडी चालवत किंवा रोल हूपला कॅमेरा लावून चित्रण करा. एकाच वेगाला दोन फेऱ्या: एक स्थिर थ्रॉटलवर, एक क्लच दाबून गाडी नुसती सोडून. धागे सरळ मागं झोपलेले असतील तर प्रवाह चिकटलेला. उभे राहून गोल फिरत असतील तर सुटलेला. दोन्ही फेऱ्यांत धागे वेगळे वागले, तर तिथं झोताचा हात पोचतोय.

तापमान दाखवणारी, एकदा रंग बदलला की तशीच राहणारी स्टिकरं पाइपाजवळच्या बॉडीवर आणि मागच्या विंगच्या खालच्या बाजूला लावा. काजळीचे पट्टेही बघा, त्यातून झोताची वाट कळते. सकाळी, वारा पडलेला असताना, दोन्ही दिशांनी फेऱ्या घ्या, आणि एका वेळी एकच बदल.

पायरी ८: आवाजाची चाचणी

इतका विचार करून बसवलेला पाइप इथं नापास झाला तर गाडी ट्रॅकवर जात नाही. मायक्रोफोन तोंडापासून अर्ध्या मीटरवर, आडव्या पातळीत ४५ अंशात धरतात. मर्यादा ठरलेल्या आरपीएमला ११० डीबी-सी आणि आयडलला १०३. ते आरपीएम पिस्टनच्या सरासरी वेगावरून निघतं, मिनिटाला ९१४.४ मीटर. केटीएमचा स्ट्रोक ६० मिमी, म्हणून ७६२० येतं, आणि जवळच्या पाचशेपर्यंत धरून ७५००. कॉलेजमध्येच त्या आरपीएमला मोजून या, आणि मर्यादेच्या तीन-चार डीबी खाली राहा. स्पर्धेच्या ठिकाणी सायलेन्सरमधली काचलोकर उडालेली असते. ती बदलायची तर एंडकॅन (सायलेन्सरचा डबा) वेल्ड केलेली नको, रिव्हेट किंवा बोल्टवर हवी. पेटीत काचलोकर, जादा स्प्रिंगा, पोर्टचं गॅस्केट आणि तांब्याचे नट ठेवा. सायलेन्सर बॉडी न उतरवता काढता येतो का, तेही घरीच करून बघा, गार इंजिनावर एकदा आणि गरम इंजिनावर एकदा.